दारू सोडायची इच्छाच नसलेल्या भावाला उपचारांपर्यंत कसे न्यावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे: तुमचा थोरला भाऊ ४३ वर्षांचा आहे, लालबागच्या चाळीत आईबरोबर राहतो आणि एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी वहिनी मुलाला घेऊन माहेरी गेल्या. तो रोज पितो; अलीकडे सकाळी हात थरथरतात म्हणून कामावर निघण्याआधीही थोडी घेतो, आणि उपचारांचा विषय काढला की "मी काय बेवडा आहे का? अख्खा श्रावण हात लावत नाही मी" असे म्हणून उठून जातो. तुमच्यापुढे तीन मार्ग ठेवले गेले आहेत. रविवारी काका, मामा आणि दोन चुलतभावांना जमवून त्याला समोर बसवून जाब विचारायचा. किंवा एका केंद्राची माणसे रात्री गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, त्यांना पैसे भरायचे. किंवा शेजारणीने आणून दिलेली पुडी त्याच्या चहात घालायची. आणि शेवटी तुम्ही विचारले आहे की त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय काही होत नाही, असे सगळेच सांगतात, ते खरे आहे का.

मी सत्तावीस वर्षे मानसोपचार विभागात सोशल वर्कर म्हणून काम केले आहे, आधी एका महापालिका रुग्णालयात आणि नंतर स्वतंत्रपणे, मुख्यतः पिणाऱ्यांच्या घरच्यांबरोबर. माझ्या दृष्टीने तुमचा शेवटचा प्रश्नच खरा प्रश्न आहे; आधीचे तीन मार्ग त्याच्या चुकीच्या उत्तरातून जन्मलेले आहेत. तुमच्या भावाला मी पाहिलेले नाही. तो किती वर्षे पितो, त्याला कधी फिट आली होती का, यकृताची स्थिती काय आहे, तो घरात हात उगारतो का, जिवाचे काही बरेवाईट करण्याची भाषा करतो का, यांपैकी काहीच तुमच्या प्रश्नात नाही, आणि या प्रत्येक गोष्टीने सल्ला बदलतो. तेव्हा पुढचे लिखाण विचार करण्याची दिशा म्हणून वाचावे.

सर्वांत आधी सकाळच्या थरथरीविषयी लिहिते, कारण ती थांबून राहण्याची गोष्ट नाही. सकाळी हात कापणे आणि थोडी घेतल्यावर ते थांबणे याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे, आणि ती एकाएकी तोडली तर शरीर उलटते. पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, ज्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. वॉर्डात हे दृश्य मी किती वेळा पाहिले आहे, याची मोजदाद नाही. पाय मोडला म्हणून अस्थिरोग विभागात दाखल झालेला माणूस तिसऱ्या रात्री चादर ओढू लागतो, अंगावरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकतो, समोर नसलेल्या कंडक्टरशी भांडतो, आणि "याला अचानक वेड कसे लागले" म्हणून सिस्टर आम्हाला बोलावतात. घरच्यांनी दाखल करताना लाजेपोटी दारूचे सांगितलेले नसते. म्हणून त्याच्या बाटल्या लपवून, पैसे काढून घेऊन, दाराला कडी लावून "चार दिवस कळ काढ" असला प्रयोग घरी करू नका. दारू तोडण्याचे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने जावे लागतात. आणि तो इतर कोणत्याही कारणाने रुग्णालयात दाखल झाला, तर पहिल्याच तासात डॉक्टरांना त्याच्या पिण्याविषयी स्पष्ट सांगा.

आता इच्छेकडे येते. मी नव्वदच्या दशकात या कामाला लागले तेव्हा घरच्यांना देण्यासारखे एकच वाक्य आमच्याकडे होते: त्याला तळ गाठू द्या. पिणाऱ्यांनीच एकमेकांना दारूपासून दूर राहायला आधार देण्याची अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची चळवळ १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झाली आणि पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीची अल-अ‍ॅनॉन १९५१ साली. या दोन्हींविषयी मला आदर आहे; अल-अ‍ॅनॉनच्या सभेत बसून आलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर अनेक वर्षांनी रंग आलेला मी पाहिला आहे, आणि तुमच्या आईंनाही मी तिथे जायला सांगेन. परंतु तेथे कुटुंबाला मुख्यतः स्वतःला सावरायला शिकवतात. पिणाऱ्याला उपचारांकडे वळवणे हे त्यांचे कामच नव्हे. त्या शिकवणुकीचा आम्ही लावलेला अर्थ मात्र असा होता की माणूस पूर्ण कोसळेपर्यंत कोणी काही करू नये. प्रत्यक्षात कोणाचा तळ नोकरी जाणे असतो, कोणाचा संसार मोडणे, आणि कोणाचा तळ थेट स्मशानात असतो. तुमच्या भावाचा संसार दोन वर्षांपूर्वीच मोडला आहे. तळाची वाट पाहणाऱ्यांनी सांगावे की आता आणखी काय मोडायचे बाकी आहे.

याच प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या व्हर्नन जॉन्सन या अमेरिकन धर्मगुरूने १९६०च्या दशकात एक वेगळी पद्धत बसवली. तळाची वाट न पाहता तळच वर आणायचा. म्हणजे जिवलग माणसांनी आधी तयारी करायची, एकत्र बसायचे, प्रत्येकाने त्याच्या पिण्याने घडलेले प्रसंग त्याला प्रेमाने पण स्पष्टपणे वाचून दाखवायचे आणि त्याच बैठकीत उपचारांचा पर्याय पुढे करायचा. तुमच्या नातेवाइकांची रविवारची योजना ही त्याचीच घरगुती, आणि तयारी नसलेली, आवृत्ती आहे. मीसुद्धा अशा बैठका घडवून आणल्या आहेत. एका सरकारी उपक्रमातील चालकाच्या घरी आम्ही नऊ माणसे जमवली होती. त्याच्या धाकट्या भावाने वहीतून चौदा प्रसंग वाचले. माणूस रडला, पाया पडला, त्याच संध्याकाळी दाखल झाला आणि मी स्वतःवर फार खूश होते. सहाव्या दिवशी तो रुग्णालयातून निघून गेला आणि पुढची दोन वर्षे त्या भावाच्या घराची पायरी चढला नाही. बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा, या वेळी आपणहून, उपचारांना आला तेव्हा म्हणाला, "बाई, त्या दिवशी मला दारू सोडायची नव्हती. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं."

आपल्याकडे या बैठकीत आणखी एक अडचण असते, जी अमेरिकन माणसाला कदाचित सुचणार नाही. काका समोर बसले की पुतण्या "हो काका" म्हणतो. तो होकार काकांच्या वयाला दिलेला असतो. मग कोणीतरी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावते. चौथ्या दिवशी शपथ मोडते, आणि आता दारूच्या जोडीला मुलाची शपथ मोडल्याचे पाप डोक्यावर बसते. ते विसरायला माणूस आणखी पितो आणि आता लपून पितो. शिवाय चाळीतल्या खोलीत सात माणसे जोरात बोलू लागली की ते सगळ्या मजल्याला ऐकू जाते. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक नळावर त्याने कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

याच विषयावर एक अभ्यास आहे, जो मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि स्कॉट टोनिगन यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमध्ये अशा १३० नातेवाइकांना घेतले, ज्यांच्या घरातला पिणारा माणूस उपचारांना साफ नकार देत होता. त्यांचे तीन गट केले: एकाला अल-अ‍ॅनॉनची वाट, दुसऱ्याला जॉन्सनची बैठक आणि तिसऱ्याला मेयर्स यांनी विकसित केलेले 'क्राफ्ट' नावाचे कुटुंब-प्रशिक्षण. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिणारी व्यक्ती उपचारांपर्यंत पोहोचण्याचे प्रमाण पहिल्या गटात १३ टक्के, दुसऱ्यात ३० टक्के आणि तिसऱ्यात ६४ टक्के होते. बैठकीच्या गटात बहुतेक कुटुंबांना शेवटी ती बैठक घेण्याचा धीरच झाला नाही. ज्यांनी घेतली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा माणूस उपचारांना आलाही. म्हणजे पद्धत अगदी निष्फळ नव्हती, पण माणसांना ती पेलवत नव्हती. हे आकडे देताना दोन गोष्टी मी नेहमी जोडते: ही अमेरिकेतली, स्वतःहून मदत मागायला आलेली कुटुंबे होती, आणि येथे मोजले आहे ते उपचार सुरू होणे, दारू कायमची सुटणे ही त्यापुढची, वेगळी लढाई आहे. तिसरी गोष्ट तुमच्या आईंसाठी आहे. माणूस उपचारांना येवो वा न येवो, तिन्ही गटांतील नातेवाइकांची स्वतःची उदासी आणि चिडचिड कमी झाली होती.

तेव्हा "इच्छा नसेल तर काही होत नाही" हे अर्धेच खरे आहे. इच्छा लागते, परंतु ती विजेच्या बटणासारखी चालू किंवा बंद अशी नसते. एकाच माणसाच्या मनात सकाळी साडेसहाला आरशासमोर "हे थांबवलं पाहिजे" असते आणि संध्याकाळी सात वाजता करी रोडला उतरल्यावर "आजचा दिवस" असते. दोन्ही खरे असते. मिलर यांनी १९८३ साली जी संवादपद्धती प्रथम मांडली, तिचा गाभा हाच आहे: माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, आणि आपण एक बाजू जोरात मांडली की तो आपोआप दुसऱ्या बाजूची वकिली करू लागतो. तुम्ही "दारू वाईट" म्हणता आणि तो श्रावणाचा दाखला देतो. समुपदेशक जितका तोडून बोलला, तितके पिणाऱ्याचे पुढच्या वर्षभरातले पिणे जास्त आढळले, असे मिलर यांच्याच १९९३च्या एका अभ्यासात दिसले होते. ते वाचल्यावर मी माझ्या नव्वदच्या दशकातील काही रुग्णांची मनातल्या मनात माफी मागितली होती.

मग करायचे काय? क्राफ्टची मूळ मांडणी साधी आहे. दारूबरोबर जगणे थोडे गैरसोयीचे होऊ द्यायचे, दारूविना असलेला वेळ पुष्कळ अधिक सुखाचा करायचा, आणि योग्य क्षणी उपचारांचा पर्याय तयार ठेवायचा. ऐकायला हे अगदी किरकोळ वाटते. घरात करायला घेतले की किती अवघड आहे ते कळते, कारण बहुतेक घरांत नेमके याच्या उलट चाललेले असते. तो पिऊन आला की सगळे घर त्याच्याभोवती फिरते, आरडाओरडा होतो, रडारड होते, जेवण गरम होते. तो न पिता आला की कोणी काही बोलत नाही, किंवा फार तर "आज सूर्य कुठे उगवला?" असे म्हणते. त्या एका वाक्याने न पिता घरी येण्याचे सगळे कष्ट वाया जातात.

तुमच्याच घरातील उदाहरण घेऊ. तुम्ही लिहिले आहे की तो कामावर जाऊ शकला नाही की आई सुपरवायझरला फोन करून "त्याला जुलाब झालेत" असे सांगतात, वाइन शॉपची उधारी त्यांच्या पेन्शनमधून भागवतात आणि रात्री एक वाजेपर्यंत ताट झाकून बसतात. आईवर कोणी बोट ठेवू नये. सत्तरीच्या बाईला मुलाची नोकरी जाण्याची भीती वाटणारच. पण यांतल्या पहिल्या दोन गोष्टींमुळे दारूची किंमत आई भरते आणि त्याला ती कधी दिसतच नाही. या दोन गोष्टी थांबवाव्यात, आणि त्यासुद्धा एकदम, भांडणाच्या भरात नव्हे. एखाद्या शांत सकाळी आईंनी एवढेच सांगावे: "पुढच्या महिन्यापासून मी दुकानदाराला पैसे देणार नाही आणि साहेबांशी खोटं बोलणार नाही. मला ते आता झेपत नाही." त्यात शिक्षेचा सूर नको आणि जे सांगितले ते पाळता आले पाहिजे. ताट झाकून ठेवायला माझी हरकत नाही. फक्त आईंनी वेळेवर जेवून झोपावे. उपाशी ठेवणे, घराबाहेर काढणे यांची गरज नसते. आणि परिणाम भोगू देण्यालाही मर्यादा असते: तो जिन्यात बेशुद्ध पडला असेल, हाक मारून उठत नसेल, तर त्याला कुशीवर वळवून सरळ रुग्णालयात न्यायचे, तिथे धडा शिकवायचा नसतो.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. तो कधी पीत नाही हे शोधा. तुमच्या पत्रातच त्याची उत्तरे आहेत: तो मंडळाचा जुना कार्यकर्ता आहे आणि गणपतीच्या दहा दिवसांत शुद्धीत असतो, मुलाचा फोन येतो त्या रविवारी दुपारपर्यंत घेत नाही. याचा अर्थ त्याला अजून काहीतरी दारूपेक्षा मोलाचे वाटते, आणि माझ्या अनुभवात ज्यांच्याकडे असे एखादे बोट पकडायला उरलेले असते त्यांच्याबद्दल मी आशावादी असते. स्टेशन ते घर यांच्यामध्ये दुकान आहे आणि संध्याकाळी सात ते नऊ ही त्याची अवघड वेळ आहे, तर त्या वेळेत दारूशी स्पर्धा करील असे काय ठेवता येईल? वहिनी तयार असतील तर मुलाचा फोन रविवारऐवजी आठवड्यातून दोनदा, साडेसातला ठेवता येईल का? तुम्ही स्वतः ठाण्याहून त्याच वेळी फोन करू शकाल का? तो शुद्धीत असेल तर मनसोक्त बोला, आवाजावरून पिलेला वाटला तर "दादा, उद्या बोलू" एवढेच म्हणून ठेवून द्या, तक्रार नको, उपदेशही नको.

आता श्रावणाविषयी, कारण माझ्या मते तुमच्या हातातली सर्वांत मोठी संधी तीच आहे. आपल्याकडे गटारीला मनसोक्त पिऊन श्रावण पाळणारे, आणि तो गणपती विसर्जनापर्यंत लांबवणारे हजारो आहेत. ही त्यांची व्यसनी नसल्याची साक्ष असते आणि घरच्यांचाही त्यावर विश्वास असतो: "मनात आणलं तर सोडतो, पण आणतच नाही." वस्तुस्थिती अशी आहे की काही काळ थांबता येणे आणि व्यसन असणे या गोष्टी एकत्र नांदू शकतात, थांबल्यानंतर पुन्हा सुरू केल्यावर मोजून पिता येते का, हे पाहावे. यंदा श्रावणाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत त्याला घाम, कापरे, झोप नसणे, उलट्या यांचा त्रास झाला का, हे आईंना विचारा. झाला असेल तर पुढच्या वर्षी त्याने डॉक्टरांना न दाखवता गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम थांबणे धोक्याचे आहे, आणि हे त्याला सांगणे हेच संभाषणाचे उत्तम निमित्त आहे. कारण त्यात तुम्ही त्याचा श्रावण खोटा ठरवत नाही, उलट तो नीट पार पडावा म्हणून मदत देता.

श्रावणातला माणूस महिनाभर शुद्धीत असतो, त्याची झोप सुधारलेली असते, खिशात पैसे असतात, आई हसत असते. याच वेळी घरचे "बघू किती दिवस" म्हणत गप्प बसतात आणि विसर्जनानंतर तो पुन्हा प्यायला लागला की उपचारांचा विषय काढतात, जेव्हा तो ऐकण्याच्या स्थितीत नसतो. हा क्रम उलटा करा. तिसऱ्या आठवड्यात, घरात नव्हे, बाहेर कुठेतरी चालताना, तुम्ही दोघेच असताना म्हणा: "दादा, या दिवसांत तुझ्याशी बोलताना मला जुना दादा भेटतो. तुला स्वतःला कसं वाटतंय?" आणि मग गप्प राहा. तो म्हणाला की झोप बरी लागते, तर तेवढेच पकडा. "विसर्जनानंतर ही झोप टिकवायची असेल तर काय करता येईल, हे एकदा डॉक्टरांना विचारू या का? एकदाच. पुढचं तू ठरव." बेवडा, दारुडा, व्यसनी हे शब्द त्याच्याकडून कबूल करून घेण्याची काहीच आवश्यकता नाही. लेबलावरून माणसे वर्षानुवर्षे भांडू शकतात. उपचारांना त्या कबुलीची गरज पडत नाही.

श्रावण दूर असेल तर थांबायचे असे नाही. असेच छोटे दरवाजे अधूनमधून उघडतात: कामावर मेमो मिळाला, पडून कपाळाला टाके पडले, मुलाने फोनवर "बाबा, तुम्ही परत घेतलीत ना?" असे विचारले, त्यानंतरची एक-दोन दिवसांची सकाळ. हा दरवाजा फार वेळ उघडा राहत नाही, म्हणून पुढची माहिती तुमच्याकडे आधीच तयार हवी: कोणत्या ओपीडीत, कोणत्या दिवशी, किती वाजता केसपेपर निघतो. तुमच्या घरापासून परळचे केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सायन, नायर आणि जे.जे. येथेही मानसोपचार विभाग आहेत. बहुतेक पुरुष उपचारांना नाही म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तीन महिने कोंडून ठेवणे असते. प्रत्यक्षात अनेकांचे उपचार घरी राहून, ओपीडीतून होतात. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहून दिली जातात. तुमच्या भावाला सकाळची थरथर असल्याने पहिले काही दिवस दाखल व्हावे लागण्याची शक्यता मात्र मी नाकारत नाही. नंतरच्या टप्प्यासाठी वांद्र्याचे कृपा फाउंडेशन १९८१ पासून आणि पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करत आहे. घरबसल्या विचारण्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आहे. आणि कृपा करून "बीपी तपासायला जाऊ" असे सांगून मानसोपचार ओपीडीच्या रांगेत नेऊन बसवू नका. एकदा असे फसवले की पुढच्या खऱ्या निमंत्रणावरही विश्वास राहत नाही.

पुडीबद्दल थोडक्यात: अजिबात नको. अशा पुड्यांत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही, आणि कधीकधी त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असते. हे औषध चांगले आहे, पण ज्याला घेतल्याचे माहीत आहे आणि ज्याने संमती दिली आहे त्याच्यासाठी. त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. नकळत दिलेल्या माणसाचा यात जीवही जाऊ शकतो. शेजारणीचा हेतू चांगला असला तरी पुडी कचऱ्यात टाका.

रात्री उचलून नेणाऱ्या गाडीविषयी मला अधिक लिहावे लागेल, कारण तुम्ही आगाऊ रक्कम देण्याच्या विचारात आहात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही त्याच्या कक्षेत येतात. त्यानुसार नातेवाइकांनी सही केली म्हणून प्रौढ माणसाला कोंडता येत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करण्याची वाट कायद्यात आहे, पण ती अरुंद आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा स्वतःची देखभाल करता न येण्याइतकी गंभीर अवस्था असली पाहिजे, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका पात्र व्यावसायिकाने त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे, आणि असे दाखल करणे सुरुवातीला ३० दिवसांपुरतेच असते. तातडीच्या उपचारांसाठी ७२ तासांची वेगळी तरतूद आहे. फोनवर पैसे ठरवून मध्यरात्री येणाऱ्या चार धडधाकट माणसांचा यात कोठेही उल्लेख नाही. कायदा बाजूला ठेवला तरी वैद्यकीय धोका उरतोच. जेथे डॉक्टर नाही अशा जागी त्याची दारू एकदम तुटली आणि तिसऱ्या दिवशी भ्रम झाला, तर त्याला बांधून ठेवले जाईल. अशा एका केंद्रातून परत आलेला माणूस माझ्याकडे आला होता. मनगटावरचे वळ दाखवत तो फक्त एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता, सही कोणी केली? सही त्याच्या बहिणीने केली होती.

यात एक अपवाद ठामपणे सांगते. तो आईंवर हात उगारत असेल, किंवा मरण्याची भाषा करत असेल, तर वर लिहिलेले संथ मार्ग आधी बाजूला ठेवा. मारहाण होत असेल तर आईंना काही दिवस ठाण्याला तुमच्याकडे आणा, ११२ ला फोन करा. आत्महत्येचा विचार बोलून दाखवला तर त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. अशा स्थितीत शुद्धीत असताना गोड बोलण्याची पद्धत वापरणे धोक्याचे ठरते.

कोणी म्हणेल की हे सगळे अमेरिकेतले, सुशिक्षितांचे उपाय आहेत. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यात मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी चारपर्यंत बैठकांत, वाद न घालता केलेल्या संवादाचा उपयोग झालेला दिसला. त्या पुरुषांचे पिणे तुमच्या भावाइतके पुढे गेलेले नव्हते, हे सांगायला हवे. पण कोकणी-मराठी घरांत ही भाषा चालते, एवढे त्यातून नक्की कळते. आणि न चालणारी भाषा आपण पुष्कळ वापरून झाली आहे. केंद्र सरकारच्या २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्यातरी स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे आढळले होते.

रविवारी काका आणि मामा येणारच असतील, तर त्यांना येऊ द्या, पण बैठक घेऊ नका. काकांनी त्याच्याबरोबर जेवावे, मंडळाच्या जुन्या गोष्टी काढाव्यात, आणि जाताना "बरं वाटलं तुझ्याबरोबर बसून, पुढच्या रविवारी येतो" असे म्हणावे. "जित्याची खोड" वगैरे म्हणी त्यांनी जिना उतरून झाल्यावर उच्चाराव्यात.

या आठवड्यात तुम्ही एवढेच करा: मानसोपचार ओपीडीचे दिवस विचारून या आणि पहिली भेट तुमच्या आणि आईंच्या नावाने घ्या. समोर बसून सांगा की रुग्ण आलेला नाही, तरी आम्हाला मदत हवी आहे. अनेक ठिकाणी सोशल वर्कर घरच्यांना वेळ देतात, आणि एका जागी मिळाली नाही तर दुसऱ्या जागी विचारा. घरी आल्यावर तुम्ही दोघी कुठे गेला होतात हे भावापासून लपवू नका. तो चिडेल, "माझ्यावर कसला इलाज करताय?" असे विचारेल. त्याला खरे तेच सांगा की आईला झोप लागत नाही, मला भीती वाटते, म्हणून आम्ही आमच्यासाठी गेलो होतो आणि पुढच्या महिन्यातही जाणार आहोत. तुला यायचे असेल तर ये. तो "नाही" म्हणाला तर वाद न घालता विषय बदला, आणि पुढच्या तारखेला तुम्ही दोघी जा.